निळ्या डब्याची भाकर

मी चुकलो असं माझ्या तोंडावर गावात कोणी म्हणत नाही. म्हणून हे मलाच सांगावं लागतं. चहा घ्या, गार होईल.

आमची नात सोनी. सातवीत. खोखोची भारी हौस. पण जरा धावली की डोळ्यांपुढं अंधारी. दवाखान्यात म्हणाले, रक्त कमी आहे, लोह कमी पडतं. गुरुजींनी तिला संघाबाहेर बसवलं. पोरगी रडली. माझ्या घरात कोणी रडलेलं मला खपत नाही.

त्याच साली शाळेत शहरातून एक मॅडम आल्या. म्हणाल्या, बाजरीचं नवं वाण आहे, त्यात लोह जास्त. पोरांना दुपारी त्याची भाकर देऊ आणि पोरं किती धावतात-खेळतात तेही मोजू. मोजायला पोरांच्या कमरेला काडेपेटीएवढं यंत्र बांधलं. आम्ही ज्वारीची माणसं. बाजरी हिवाळ्यात, तीही चवीपुरती. तरी म्हटलं, खाऊ द्या पोरांना.

बिघडलं ते डब्यांवरून. भाकरीचे डबे दोन, लाल आणि निळा. एकात लोहाची बाजरी, दुसऱ्यात साधी. अर्धी पोरं लाल डब्याची, अर्धी निळ्याची. सोनीला निळा.

"साधी कोणत्या डब्यात?" मी विचारलं.

"ते आम्हालाही माहीत नाही, आजोबा. शेवटी कळेल."

भाकर वाढते आणि म्हणे माहीत नाही! असं कुठं असतं का?

पण मला लगेच उमगलं. बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट पाहिलंय ना तुम्ही? त्यात मोठी पुडी बीटीची आणि सोबत एक लहान पुडी साध्या सरकीची. ती म्हणे धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेनं लावा, बोंडअळी तिकडं जाऊन जेवेल. आम्ही ती पुडी फेकून द्यायचो. अळीसाठी कोण पेरतं हो? आणि आता शाळेत तोच प्रकार! लाल म्हणजे रक्त, रक्त म्हणजे लोह. एवढं कळायला पुस्तक लागत नाही. म्हणजे निळा डबा धुऱ्याचा. माझी नात धुऱ्यावर लावली!

शाळेच्या फाटकासमोर हुसेनभाईंची चक्की. तिथं मी हे बोललो. चक्कीवर बोललेलं पिठाबरोबर घरोघर जातं. दुसऱ्या दिवशी निळ्या डब्याचे सगळे मायबाप शाळेत!

"आमचे पोरं काय अळीसाठी हायेत का?"

"मॅडम, आमाले बीटीचीच भाकर पायजे!"

"कोणती अळी? कसली बीटी?" मॅडम रडायच्या बेतात. "अहो, दोन्हींची तुलना केल्याशिवाय फरक कळणार कसा? डबा बदलता येणार नाही. नको असेल तर मूल काढून घ्या, जबरदस्ती नाही."

बाकीचे लगेच थंड पडले. ताटातली भाकर कोण सोडतो? मी एकटा उभा.

"काढली! माही नात घरची ज्वारी खाईन."

"आबा, काऊन असं करता?" सोनी रडकुंडीला आली. "मले खोखो खेळाचा हाय न!"

"ज्वारी खाऊन म्या बैल आवरले. तू पोरी आवर."

दुसऱ्या दिवसापासून सून सोनीला डबा भरून देऊ लागली. ज्वारीची भाकर. मी दारात उभा राहून पाहायचो.

आणि काय सांगू! दिवाळी गेली आणि पोरगी बदलली. गालांवर तेज. धावताना धाप नाही. संक्रांतीला गुरुजींनी संघात घेतलं. मी रोज चक्कीवर जाऊन बसायचो. येईल त्याला एकच सांगायचो, "घरची ज्वारी!"

शेवटी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. लोहाची बाजरी निळ्या डब्यात निघाली! ज्यांचं रक्त कमी होतं, ती निळ्या डब्याची पोरं आता जास्त खेळतात, म्हणाल्या. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी डगमगलो? छे! उभा राहिलो.

"लाल काय अन् निळा काय! माही नात दोन्ही खात नाही, अन् साऱ्याइच्या पुढं धावते. लिहा मॅडम, ज्वारी!"

मॅडम गोंधळल्या. "आजोबा, सोनी तर रोज निळ्या डब्यातलीच खाते. एक दिवस चुकली नाही."

मी सुनेकडं पाहिलं. तिनं पदर सावरला.

"मामाजी, मीच मॅडमले म्हणलं, तुम्ही देत जा. तुमच्यासंग वाद कोण घालीन?"

"मंग माही ज्वारी कोण खाऊन राह्यलं होतं?"

सोनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. मागून हुसेनभाई ओरडले, "या अल्ला! म्हणूनच माहा कुत्रा दुपारची घंटी झाली का फाटकावर जाते! पण पाटील, खोटं नाही बोलत, ज्वारीत दम हाय. बुढा झाल्ता बिचारा. आता फटफटीच्या मांगं धावते!"

मॅडमसुद्धा हसल्या. मी टोपी सरळ केली आणि घरी आलो.

संध्याकाळी सून दबकत आली. "मामाजी, मॅडम त चालल्या. उद्यापासून सोनीच्या डब्यात काय देऊ?"

"बाजरी दे. बियाणं कुठं भेटते ते मॅडमले इचारून घे."

ती वळली. मी म्हणालो, "अन् ज्वारीची एक भाकर जास्त टाकत जाय. त्या कुत्र्याची सवय मोडू नको. गावात माहं आयकणारा तेवढाच एक राह्यला."