पिंपावरची खोली

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी इतरांनी लिहिलेली पुस्तके लावून ठेवली. स्वतः काही लिहावे असे निवृत्तीनंतरही कधी मनात आले नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या फिलोमिना, म्हणजे आमच्या फिलूमावशी, आज असत्या तर म्हणाल्या असत्या, "बाय, तुला दुसरा काम नाय?" तरीही हे धाडस करते आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मरोळच्या गावठाणात, चर्चमागच्या गल्लीत फिलूमावशींचे घर आहे. वरची खोली भाड्याने द्यायची आहे असे कळले म्हणून मी गेले होते. त्यांनी माझे नाव विचारले नाही, नोकरी विचारली नाही, मी एकटी का राहते हेही विचारले नाही. चपला दारात काढायला लावल्या आणि म्हणाल्या, "वर जा. चाल."

"कुठे?"

"खोलीत गो. दारापासून खिरकीपरत. मग बस. मग उठ. मी खाली हाय."

मी चालले. बसले, उठले. वरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि त्या फळ्यांखाली कुणीतरी श्वास रोखून उभे आहे, असा मला भास होत होता. तेवढ्यात खालून आवाज आला, "आता कायतरी पाड!" मी घाबरून हातातली पर्स सोडली. मग मावशी जिना चढून आल्या आणि माझ्या पायांकडे पाहत म्हणाल्या, "तुजी चाल बरी हाय. आधी एक बँकेतला साहेब आयला. टाचेवर चालतो. त्याला सांगितला, बाबा, तू दुसरीकडे तळमजल्यावरच र्‍हा."

लहानपणापासून 'किती भित्री, मांजरासारखी चालते' असे टोमणे मी ऐकत आले होते. त्या चालीवर मला घर मिळाले.

खाली काय होते ते सामान लावून झाल्यावर कळले. माझ्या खोलीच्या बरोबर खाली एक अंधारी, चुन्याच्या भिंतींची खोली होती आणि तिच्यात दोन ओंडक्यांवर आडवे ठेवलेले एक लाकडी पिंप. त्यात मावशींच्या नवऱ्याने, बस्त्यावकाकांनी, पांढऱ्या द्राक्षांची वाईन भरून ठेवली होती. गावठाणातल्या घरोघरी नाताळासाठी गोड वाईन करतात. ही तसली नव्हती. काका तरुणपणी चर्चमधल्या एका परदेशी म्हाताऱ्या फादरांच्या हाताखाली काम करत. त्या फादरांच्या गावाकडे पिंप काठोकाठ भरत नसत आणि वर्षानुवर्षे उघडतही नसत. वाईन लाकडातून थोडी थोडी उडून जाई, वर पोकळी पडे आणि त्या पोकळीत वाईनवर आपोआप एक पातळ साय धरे. त्या सायीखाली वाईन पिवळी होत जाई. साय बुडाली की वाईन आंबट होऊन जाई. म्हणून पिंप हलता कामा नये.

फादर काकांना सांगून गेले होते की माझ्या गावासारखी वाईन तुझ्याकडे होणार नाही; तुझी माती, तुझी हवा तिच्यात आपलेच काहीतरी घालील. काका त्यावर म्हणत, "द्राक्षं नाशिकची, पन वाईन ह्या खोलीची." त्या खोलीची एक भिंत विहिरीला लागून होती, ती बारमाही ओलसर असे, दुसऱ्या भिंतीवर दुपारभर ऊन तापे. साय कुठून येते असे मी एकदा विचारले, तेव्हा मावशींनी चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवला. "हितून. वाऱ्यातून. माज्या आजेसासूच्या खोकल्यातून. मना काय म्हाईत?"

काकांनी ते पिंप नात शॅरनच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी भरले. तिच्या लग्नात, उंबराच्या पाण्याच्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात त्या दिवशी, ते उघडायचे असे सांगितले आणि पुढल्या वर्षी ते वारले. त्यांनी असे पिंप आयुष्यात एकदाच भरले. फादर केव्हाच गेले होते. ती वाईन कशी लागायला हवी हे जाणणारा एकही माणूस आता जगात नव्हता, आणि मावशी एका न पाहिलेल्या सायीची राखण करत होत्या.

ही राखण म्हणजे सततची भीती होती. त्या घरात दार आपटत नसे. नारळ अंगणाच्या पार टोकाला फोडला जाई. गल्लीतून ढोलताशा जाणार असेल, तर मावशी त्या खोलीच्या खिडकीला गोधड्या टांगत आणि बाहेरच्या पोरांना तोंडावर बोट ठेवून दाखवत. पोरे अर्थातच जास्त जोरात वाजवत. रोज सकाळी मावशी बोटाच्या पेराने पिंपावर टकटक करत, वरून खाली. जिथे पोकळ आवाज संपून भरीव लागे, तिथे थांबत. "अजून थोडी गेली," एवढेच म्हणत. फादरांच्या काळात कुणीतरी चर्चमधल्या खोलीला चुना लावायला त्यांचे पिंप सरकवले होते, वाईन नासली आणि त्याच महिन्यात फादरांनी अंथरूण धरले, ही गोष्ट त्या मला पुन्हा पुन्हा सांगत. शेवटी दर वेळी म्हणत, "मी ते जोडत नाय. पन मी खोली रंगवत पन नाय."

हळूहळू ती भीती फळ्यांमधून माझ्याही खोलीत चढली. शिंक आली तरी मी उशीत तोंड खुपसू लागले.

मग शेजारची बैठी घरे पडली आणि तिथे टॉवरचे काम निघाले. जमिनीत खांब ठोकणारे यंत्र आले. पहिल्या ठोक्याला माझ्या फडताळातल्या कपबशा किणकिणल्या, आणि खालून मावशींचा जो आवाज आला तो मला अजून आठवतो. ती किंकाळी नव्हती. लहान मूल पडताना पाहून आई जसा श्वास आत ओढते, तसा तो होता.

त्या तशाच, घरच्या लुगड्यावर, माझा हात धरून साइटवर गेल्या. तिथला इंजिनिअर मालवणकडचा एक तरुण होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि डोक्यावरचे हेल्मेट काढले.

"मावशी, दारूसाठी टॉवर थांबवू? शेठ माझी वाट लावेल ना!"

"दारू नाय रे, वाईन. दारू तुज्या शेठच्या कपाटात."

तो हसला. "थांबवता नाय येणार. पण सुरू करायच्या आधी फोन करीन. चालेल?"

"कर. आनि खोटा बोललास तर तुज्या आवशीला मालवनात जाऊन सांगन."

तो खरेच फोन करू लागला. "मावशी, चालू करतोय हां," एवढेच बोले. फोन येताच मावशी त्या खोलीत जात, जमिनीवर गुडघे टेकत आणि पिंपाला दोन्ही हातांनी मिठी मारत. हाताला सुई टोचताना लेकराला धरावे तशी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मलाही बोलावले. "तू त्या बाजूनी धर." दोन वयस्क बायका, एक पिंप, आणि जमिनीतून वर येणारा तो ठोका. प्रत्येक ठोक्याला लाकूड छातीशी थरथरे. मावशींचे डोळे मिटलेले असत. त्या पुटपुटत, ती प्रार्थना आहे असे मला आधी वाटले. एकदा नीट ऐकले. त्या म्हणत होत्या, "बस्त्याव, हलू नको. बस्त्याव, हलू नको."

अशाच एका दिवशी ठोके थांबले तेव्हा पिंपाच्या खालच्या बुचाशी एक थेंब झिरपलेला दिसला. मावशींनी तो बोटावर घेतला, हुंगला आणि बोट माझ्यापुढे धरले. भाजलेल्या मेथीदाण्यांचा वास होता, त्यामागे अक्रोडाचा. मावशींचा चेहरा उतरला. दर मे महिन्यात त्यांच्या अंगणाच्या पार टोकाला मेथी-मिरच्या भाजून वर्षाचा बॉटल मसाला, बाटल्यांत भरून ठेवायचा, कुटला जाई.

"मसाला लागला गो," त्या म्हणाल्या. "गेली."

मी ग्रंथालयात जाऊन शोधले. परदेशातल्या एका डोंगराळ मुलुखात सायीखालच्या वाईनला असाच वास येतो आणि तोच तिचा गुण मानतात, असे एका पुस्तकात सापडले. धावत येऊन सांगितले. मावशींनी शांतपणे ऐकले. "ती तिकडची. हितली कोनी चाखली? पुस्तकवाल्यानी?" बूच काढून एक घोट पाहू या, असे मी सुचवले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

शॅरनचे लग्न ठरले. उंबराच्या पाण्याच्या दिवशी बँड लावून बायका विहिरीवर जाऊन आल्या, मग सगळे त्या खोलीच्या दाराशी गोळा झाले. मावशींनी लुगडे नीट केले आणि बूच स्वतः काढले. ग्लास मी धरला. वाईन सोनकेळ्याच्या सालीच्या रंगाची निघाली आणि खोलीभर मेथीचा वास सुटला.

मुलुंडहून आलेली त्यांची मुलगी आयरीन नाक मुरडून म्हणाली, "मम्मी, मसाला पडलाय ह्यात. वाट लागली."

मागून कुणी म्हणाले, "विंदालूत घाला, व्हिनेगर म्हणून!" लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी ग्लास तोंडाला लावला, घोट घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. अखेर तो घोट खाली गेला.

"कशी आहे?" आयरीनने विचारले.

"मना काय म्हाईत," मावशी म्हणाल्या. "अशीच हाय."

शॅरनने त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला, एक घोट प्यायली, खोकली, डोळ्यांत पाणी आले. मग ग्लास पुढे केला. "ग्रॅनी, अजून दे ना."

दुसऱ्या दिवशी लग्नघरात पिंप रिकामे झाले. अर्ध्या लोकांनी तोंडे वाकडी केली, अर्ध्यांनी पुन्हा मागितली. ती चांगली होती की नासलेली, यावर गल्लीत अजून वाद होतो.

आता मावशी निर्धास्त होतील असे मला वाटले होते. टॉवरचे खांब ठोकून झाले होते, फोन येईनासे झाले होते, दारे खुशाल आपटता आली असती. पण त्या दिवसेंदिवस बावरल्यासारख्या दिसू लागल्या. एके सकाळी त्यांनी जिन्याखालूनच हाक मारली. "बाय, तू हायस का वर?"

"आहे की, मावशी."

"मना तुजी चाल आयकायला येत नाय गो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जोरात चाल. आता काय हलायचा र्‍हायला नाय. सकाळी उठलीस की पाय आपट. मना कळू दे, घरात कोनतरी हाय."

इतक्या वर्षांनी पाय आपटणे मला जमेना. पहिल्या दिवशी आपटला तर खालून ओरडल्या, "उंदीर हाय की मानूस?" मग शिकले. रोज उठल्यावर खिडकीपाशी टाच आपटायची. खालून मावशी मुठीने रिकाम्या पिंपावर ठोका देत. घुमणारा, खोल आवाज येई. माझी टाच आणि त्यांचा ठोका यांच्यामध्ये जो क्षण जाई, त्यात मला किती भीती वाटे हे मी त्यांना कधी सांगितले नाही. खाली त्यांनाही माझ्या टाचेची वाट पाहताना तसेच होत असणार.

एका सकाळी मी टाच आपटली आणि खालून ठोका आला नाही. पुन्हा आपटली. फळ्यांतून धूळ खाली पडल्याचे ऐकू आले, इतके घर शांत होते. जिना उतरायला मला फार वेळ लागला.

त्यांना जाऊन आता काही महिने झाले. घराच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सही होईपर्यंत आयरीनने मला राहू दिले आहे. पिंप खाली तसेच आहे. मी अजूनही रोज सकाळी खिडकीपाशी जाते, टाच आपटते आणि उभी राहते. माझ्या जागी तुम्ही असता, तर पाय आपटणे थांबवले असते का?