फिट आहे

आमच्या शाळेत प्रत्येक मुलीच्या जिवाची काळजी घेतली जात असे. माझी घेतली गेली ती अशी, की माझ्या बाकाच्या कप्प्यात कायम एक कांदा असे. ऐंशीच्या दशकातलं पारोळं. सातवीत मला वर्गात फेफरं आलं, तेव्हा कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. मी शुद्धीवर आले, आणि ते कांद्यामुळेच, असं शाळेचं मत पडलं. नंतर धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन वर्षं मला काहीही झालं नाही. श्रेय कांद्याकडेच राहिलं. सायकल नाही, विहिरीकडे जाणं नाही, प्रयोगशाळेत दिव्याजवळ उभं राहणंसुद्धा नाही.

खो-खो मात्र मी लपूनछपून खेळायचे. नववीत धुळ्याला सामने होते आणि खेळाच्या बाईंनी माझं नाव संघात घातलं. मुख्याध्यापकांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. दर पंधरा ऑगस्टला ते निरोगी पिढीवर पाऊण तास बोलत. उन्हात उभ्या दोन-तीन मुली हमखास चक्कर येऊन पडत. त्यांना चिठ्ठी लागत नसे.

वडिलांनी, म्हणजे नानांनी, धुळ्याहून चिठ्ठी आणली. त्यांना वाचता यावी म्हणून डॉक्टरांनी मराठीत लिहिली होती : ‘मुलगी फिट आहे. खेळण्यास हरकत नाही.’

सरांनी ती वाचून टेबलावर ठेवली. “हे बघा, डॉक्टरच लिहितोय, फिट आहे.”

“सर, दोन वरीस व्हयनात, पोरले काहीच व्हयनं नही,” नाना म्हणाले.

“सर, फिट म्हणजे तंदुरुस्त,” मी म्हणाले.

“मला भाषा शिकवतेस? सातवीत तुला काय आली होती?”

“फिट.”

“मग?”

नाना बोटाने दुसरी ओळ दाखवू लागले. सर म्हणाले, “तीच तर गंमत आहे. फिट आहे म्हणतो आणि वर खेळू द्या म्हणतो. असल्या डॉक्टरच्या गोळ्या देता पोरीला?”

माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. चिठ्ठी फायलीत गेली, माझ्या आजाराचा पुरावा म्हणून.

सामन्यांच्या दिवशी मीही धुळ्याला निघाले. माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या. संघ त्याच एसटीत होता, आणि संघासोबत सरही. मुली गाणी म्हणत होत्या. मी नानांशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. सरांना बस लागते, हे कोणालाच माहीत नव्हतं. वाटेतल्या फागण्यापर्यंत ते दोनदा ओकले. आईने माझ्यासाठी फडक्यात बांधून दिलेला कांदा नानांनी फोडून त्यांच्या नाकाशी धरला.