आंबिवलीच्या सुनेची टाळू

"रोग हाय का नाय, त्येवरा सांगा डाक्तर. हाय तर पोर बापाच्या घरा जाल. नाय तर माझ्या घरा येल."

पार्वतीबाई माझ्या दवाखान्यात उभ्या राहूनच बोलत होत्या. खुर्चीत त्यांची सून चंद्रा आ वासून बसली होती. दाराशी चंद्राचे वडील बाळाराम उभे होते. हे बाळाराम म्हणजे पार्वतीबाईंचे सख्खे भाऊ. आंबिवलीकडच्या त्यांच्या गावात भावाची मुलगी सून करून आणायची रीत होती. त्यामुळे सासू तीच आत्या, आणि व्याही तोच भाऊ. भांडण घरातलंच होतं, म्हणून जास्त कडू होतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. कल्याणला मी नुकतीच दातांच्या डॉक्टरची पाटी लावली होती. दात काढणं, भरणं, कवळ्या बसवणं एवढं मला येत होतं. चंद्राच्या टाळूवर जे होतं, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

जेवताना तिला माशाचा काटा लागला होता. टाळूला जखम झाली आणि ती भरेना. चूळ भरली की रक्त यायचं. गावातल्या वैद्याने तोंडात बोट घातलं आणि म्हणाला, "गाठ हाय, हाडाला लागलीय." झालं! गावभर कॅन्सर, कॅन्सर. शेजारच्या बायका तिच्या हातचं पाणी पिईनात. पार्वतीबाई इतक्या घाबरल्या की त्यांनी सुनेच्या तोंडात स्वतः एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

मी बोटाने चाचपलं. टाळूच्या बरोबर मधोमध सुपारीएवढा उंचवटा. दगडासारखा टणक, हलत नव्हता, दाबला तरी दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून बरं वाटावं, तर कॅन्सरही सुरुवातीला दुखत नाही हे मला पाठ होतं.

"ही गाठ कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मना नाय ठाव," चंद्रा म्हणाली. "काटा लागला तवा समजली." मग आत्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आत्या मना घरा नेल ना?"

आजाराबद्दल तिने काही विचारलंच नाही. मला त्या पोरीची फार दया आली, आणि माझ्या डिग्रीचा तितकाच राग आला.

मी वेळ मागून घेतला. चंद्राच्या टाळूचं इम्प्रेशन घेतलं. म्हणजे मेणासारखा पदार्थ गरम करून टाळूवर दाबायचा, त्यात ठसा उमटतो. ठशात प्लॅस्टर ओतलं की टाळूची हुबेहूब प्रत हातात येते. ती प्रत रुमालात गुंडाळून मी मुंबईला आमच्या कॉलेजच्या सरांकडे गेलो.

सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "टोरस दिसतोय."

"म्हणजे सर?"

"हाडच जरा जास्त वाढलेलं. रोग नाही. पुष्कळांना असतो, त्यांना पत्ताही नसतो. वरची कातडी पातळ, म्हणून काटा लागला की लवकर भरत नाही. हात लावू नकोस."

"कापायचा नाही?"

"कवळी बसत नसेल किंवा सारखा खरचटत असेल, तरच. बरेचदा घराण्यात चालत येतो. घरच्यांची तोंडं बघ."

"आणि टोरस नसला तर?"

"तर जखम भरणार नाही. मग इकडे पाठव."

परत येताना मी जाताना होतो त्याहून जास्त गोंधळलेला होतो. म्हणजे वाट बघायची. पण पार्वतीबाई वाट बघतील?

त्या ठरल्या दिवशी आल्या, चंद्राच्या कपड्यांचं गाठोडं बांधूनच. मी आधी बाळारामांना खुर्चीत बसवलं. टाळू सपाट! चंद्राची आई कधीच वारलेली, तिचं कोण सांगणार? चंद्राची जखम थोडी भरली होती. पण थोडीच.

"औषद?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"काही नाही. कोमट पाण्याच्या गुळण्या."

"कापनार?"

"नाही."

"मंग तुमी डाक्तर कसले?"

प्रश्न रास्त होता. बाळारामांनी गाठोडं उचललं. चंद्रा उठून उभी राहिली. काहीतरी करायचं म्हणून मी ती प्लॅस्टरची प्रत पार्वतीबाईंच्या हातात दिली. "ही बघा तुमच्या सुनेची टाळू. एवढीशी तर गाठ आहे."

त्यांनी प्रत खिडकीकडे धरली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"गाठ कुठं हाय?"

"ही काय, मधोमध."

"ती नाय. ती टाळूच. गाठ दाखवा."

"अहो बाई, हीच गाठ!"

"असा कसा? टाळू अशीच असते."

मी बाळारामांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. कोण कुणाला वेड्यात काढतंय तेच समजेना. मग एकदम डोक्यात उजेड पडला. "पार्वतीबाई, जरा बसा बरं खुर्चीत."

"मना काय झालाय?"

"काही नाही. फक्त आ करा."

आत चंद्राहून मोठा उंचवटा होता, गुळगुळीत, निरोगी, जन्मभर बाईंच्या जिभेच्या ओळखीचा. आपली टाळू तशी म्हणजे जगाची तशी, असं त्या धरून चालल्या होत्या. मी आरसा दिला. त्यांनी बोट घालून चाचपलं, प्रत चाचपली, पुन्हा बोट घातलं.

गाठोडं काखेत तसंच धरून बाळाराम म्हणाले, "मंग तुला पन नेऊ क घरा?"

पार्वतीबाई हसल्या नाहीत. खुर्चीतून उतरल्या, भावाच्या काखेतून गाठोडं ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "चल गो चंद्रा. चुलीवर भात ठेवायचा हाय."

चंद्राची जखम पुढे आपोआप भरली. तिच्या गाठीला कुणी हात लावला नाही. ऑपरेशन झालं ते पार्वतीबाईंचं. त्यांचे दात पडले, वरची कवळी त्या उंचवट्यावर डुगडुगायला लागली, तेव्हा सरांनी छिन्नीने तासून तो सपाट केला. सोबतीला चंद्रा गेली होती.

मी मात्र निवृत्त होईपर्यंत एक नियम पाळला. दुसऱ्याच्या तोंडाची तक्रार घेऊन कुणी आलं, की आधी त्यालाच खुर्चीत बसवायचं.