वेल्क्रोवरची बटणं

साहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि गल्लीला एकदम टेलरकाकूंच्या सेवेचा शोध लागला. "काय करते हो नवऱ्याचं!" असं जो तो म्हणू लागला. खरं सांगायचं तर काकूंच्या कामात फारसा फरक पडलाच नव्हता. पाणीपुरवठा खात्यातल्या या हेडक्लार्कला घरातही सगळे साहेबच म्हणत, आणि धडधाकट असतानाही साहेबांनी कधी स्वतःचा रुमाल शोधला नव्हता. फक्त तेव्हा कोणी काकूंचं कौतुक करत नव्हतं. आता करत होते, आणि काकूंना ते आवडत होतं.

उजवा हात लुळा पडला होता, जीभ जड झाली होती. घरी व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओ एकच धोशा लावायचा, "काकू, हेच महिने महत्त्वाचे. हात वापरला तर सुधारेल. शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू द्या." हात सुधारला नाही तर ऑफिसची खुर्ची गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पण एकेका बटणाशी चाललेली झटापट काकूंना बघवेना. तीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेल्या बाईला जे सुचायचं तेच सुचलं. सगळ्या शर्टांचे काज त्यांनी शिवून बंद केले, वर बटणं टाकली आणि आतून वेल्क्रो लावलं. काम इतकं बेमालूम, की डाव्या हाताने नुसतं दाबलं की शर्ट बंद. साहेब खूश, काकू त्याहून खूश.

पुढच्या सोमवारी फिजिओने शर्ट घालायला सांगितला आणि पिशवीतून कार्ड काढायला तो वळला. परत बघतो तर पाचही बटणं लागलेली!

"कमाल केलीत, साहेब!" त्याने कार्डावर ठळक खूण केली. "आता माझी गरज नाही. बाकीचे पेशंट ताटकळलेत."

साहेबांनी काकूंना डोळा मारला. फिजिओ चपला घालू लागला. काकू मात्र तरातरा गेल्या आणि साहेबांचा शर्ट धरून खर्रकन उघडला.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही येत राहा."

"चुगलखोर!" साहेब ओरडले. झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी काज मोकळे केलेला शर्ट त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. साहेब घामाघूम झाले, चिडले, डोळ्यांत पाणी आणून थांबले. काकूंनाही रडू येत होतं. नेमक्या शेजारच्या वहिनी डोकावल्या, आणि जाताना जिन्यात त्यांचा आवाज आला, "माणूस तडफडतोय आणि ही बया खुशाल बघत बसलीय!"

काकू उठल्या नाहीत.

चाळीस मिनिटांनी चार बटणं लागली. सगळी एक घर खालच्या, चुकीच्या काजात; पाचव्याला काजच उरला नाही. शर्ट एकीकडे वर, एकीकडे खाली. गिऱ्हाइकाच्या कॉलरीतला सुताएवढा फरकही न खपवून घेणाऱ्या काकूंचे हात शिवशिवले. त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"झकास," त्या म्हणाल्या. "चला, असेच चौकापर्यंत फिरून येऊ."