दोरीचं मागचं टोक

माझी भावजय मार्था ही आमच्या घराण्यातली सगळ्यात भित्री बाई. हे मी नाही, तीच सांगते. पालीला भिते, विजांच्या कडकडाटाला भिते, एसटीचा ड्रायव्हर फोनवर बोलायला लागला की पुढच्या सीटची दांडी धरून डोळे गच्च मिटते. जालन्याच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी एकदा तिला शास्त्रवाचनाला उभं केलं, तर हातातलं पुस्तक असं थरथरायला लागलं की शेवटी मीच पुढं होऊन वाचन पुरं केलं. तेव्हापासून जालन्याला आली की ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते.

मी निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाची अध्यक्ष. मोठ्यानं आणि लांबलचक प्रार्थना करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं लोक म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. मार्थाची प्रार्थना एका ओळीची. "प्रभू, मला भेव वाटतंय, जवळ रहा." जेवणाआधी तीच, प्रवासाआधी तीच. मी कितीदा शिकवलं, अगं, आधी स्तुती करावी, उपकार मानावेत, मग मागणं मागावं. ती मान डोलवायची आणि पुन्हा आपलं तेच.

तिचे वडील मिशनच्या आवारात माळी होते. आई लहानपणीच गेली. माझ्या धाकट्या भावाशी लग्न होऊन ती अंकुशनगरला आली, भाऊ तिथं साखर कारखान्यात होता. मूलबाळ झालं नाही. भाऊ हृदयविकारानं अचानक गेला, तेव्हा मी म्हटलं, चल माझ्याकडं जालन्याला. पण कारखान्याच्या पलीकडच्या एका गावात ती अंगणवाडीची बाई होती, आणि तिथली लेकरं सोडून यायला ती तयार नव्हती. तिथंच एका खोलीत राहू लागली, रात्री दिवा चालू ठेवून.

यंदा नाताळला ती आली नाही. असं कधीच झालं नव्हतं. फोनवर म्हणाली, "ताई, इकडं उसात बिबट्या आल्ता. अजून हाय. लेकरं टाकून कशी येऊ?"

मला हसूच आलं. पालीला भिणारी ही बाई बिबट्यापुढं काय दिवे लावणार? जानेवारी लागला, तशी मी करंज्यांचा डबा घेतला आणि तिला बखोटीला धरून जालन्याला आणायचं ठरवून निघाले.

अंकुशनगरपासून रिक्षा केली. कालव्यापाशी रिक्षावाल्यानं गाडी थांबवली. "पुढं ऊस हाय मावशी. म्या न्हाई येत." भर सकाळ होती, ऊन पडलेलं होतं, आणि तो माणूस उरलेली चिल्लर परत न देताच गाडी वळवून गेला. गावापर्यंतचं अंतर मी जवळजवळ पळत कापलं.

गावाच्या तोंडाशी कारभारी भेटले, वयस्कर शेतकरी. त्यांची शेळी दिवसाढवळ्या गेली होती. गोठ्यातलं तुटकं दावं त्यांनी मला हातात धरून दाखवलं. "आवाज बिलकुल न्हाई आला. म्या इथंच बसल्यालो होतो." ऊसतोड चालू होती. जसजसा ऊस तुटत होता, तसतसं ते जनावर आत आत सरकत होतं. आता कालव्याकाठचा एवढा एकच मोठा फड उभा राहिला होता, आणि अंगणवाडीपासून वस्तीकडं जाणारी पायवाट नेमकी त्याच्या कडेनं जात होती. वन खात्यानं पिंजरा लावला होता, पण ते त्याच्याकडं फिरकत नव्हतं.

"लेकरायला त्याच वाटेनं नेतात," कारभारी म्हणाले. "मदतनीस हाय ना, शालू, ती वाघीण हाय. ताट वाजवीत सगळ्याच्या पुढं चालती. आन् तुमची भावजय सगळ्याच्या मागं, छत्री धरून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय." आणि ते हसले. मला शरमेनं मान वर करवेना.

अंगणवाडीत शिरताच मी मार्थाला फैलावर घेतलं. बंद का करत नाहीस हे सगळं? ती लेकरांना खिचडी वाढत होती. हळूच म्हणाली, "बंद केली तर आया लेकरायला फडात घेऊन जातील, ताई. तोडीच्या जागी. तिथंच तर ते हाय." संध्याकाळी आया येईपर्यंत थांबवावं, तर अंधार पडतो. दुपारी नेलं तर वस्तीवर आज्या-आजोबा असतात. तिनं सगळा विचार केला होता. तरी माझा राग काही गेला नाही.

दुपारी निघायची वेळ झाली. मार्थानं कोपऱ्यातून दोरी काढली. जुन्या साड्यांचे काठ वळून तिनंच केली होती, मध्ये मध्ये गाठी मारलेल्या. एकेका गाठीला एकेका लेकरानं धरायचं. शालूनं पुढचं टोक कमरेला बांधलं आणि हातात ताट-पळी घेतली. मार्थानं मागचं टोक मनगटाला गुंडाळलं.

खरं सांगते, माझ्या पाचावर धारण बसली होती. पुढं जायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "मार्था, तू मध्ये चाल लेकरांजवळ. मागचं टोक दे मला. मी राहते मागं."

"न्हाई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं मला कधी नाही म्हटलेलं आठवत नाही. वाढलेलं नको असलं तरी गिळणारी बाई. मी पुन्हा हात पुढं केला, तर तिनं मनगट छातीशी धरलं. "ताई, ही जागा माझी हाय. तुम्ही साक्षीच्या मागं धरा." साक्षी म्हणजे सगळ्यात धाकटी, जेमतेम तीन वर्षांची, शेवटच्या गाठीची. मनात म्हटलं, बघा, प्रसंग आला की माणूस कळतं. सुरक्षित जागा तेवढी स्वतःला ठेवली बाईनं.

वाट अरुंद होती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला डोक्यावर गेलेला ऊस. पुढं शालूचं ताट वाजत होतं आणि लेकरं त्या तालावर ओरडत होती, त्यांना ती मजा वाटत होती. मागं मार्था आमच्या भजनाच्या पुस्तकातलं एक गीत बेसूर आवाजात म्हणत होती. छत्री उघडून तिनं पाठीमागं धरली होती आणि ती सरळ चालतच नव्हती, तिरकी तिरकी, खेकड्यासारखी, दर दोन पावलांना मागं बघत. दोरीला तिचा थरकाप कळत होता. तो माझ्या मुठीतून पुढं साक्षीपर्यंत जात होता.

कालवा पाझरून चिखल झालेल्या जागेशी आम्ही आलो आणि मागचं गाणं थांबलं. उसाची पानं सळसळली. वारा नव्हता.

"ताई," मार्था म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. "मागं बघू नका. चालत रहा. पळू नका."

आयुष्यभर प्रार्थना केल्या, लग्नांत केल्या, मयतींत केल्या, आणि त्या वेळी एक शब्द येईना. मी साक्षीच्या वेणीच्या रिबिनीकडं बघत पाय उचलत राहिले. मागून पुन्हा गाणं सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. चुकीचं कडवं होतं. मी तिला टोकलं नाही.

वस्ती आली. लेकरं दोरी सोडून आपापल्या घरात पळाली. मार्था एका ओट्यावर बसली आणि तिला उलटी झाली. शालूनं तिला पाणी दिलं.

पिंजरा बघायला आलेले वनरक्षक सोमेश्वर तिथंच होते. परत जाताना ते काठी घेऊन आमच्याबरोबर आले. चिखलाच्या जागी ते थांबले आणि खाली बसले. लेकरांची बारकी पावलं होती, माझ्या सँडलचे ठसे होते, मार्थाच्या झिजलेल्या चपलेचे होते. आणि तिच्या चपलेच्या ठशावर, बरोबर मधोमध, एक गोल पंजा उमटला होता. पुढच्या ठशावर आणखी एक.

"तुमच्या मागंच चालून राह्यलं होतं," सोमेश्वर म्हणाले. पंजाच्या खळग्यात पाणी अजून झिरपत होतं. त्यांनी वर बघितलं. "मागं कोण होतं?"

मार्थानं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

"बाई, मी पहिल्याच दिवशी सांगितल्तं ना तुम्हाला? पुढच्याला ते धरत न्हाई. मागं राह्यलेल्याला उचलतं. मागं दणकट गडी ठेवा म्हणलो होतो."

"गडी समदे तोडीला जातात, साहेब," मार्था म्हणाली.

शालूला यातलं काही माहीत नव्हतं. सारं गाव तिला वाघीण म्हणत होतं आणि तीही खूश होती. आणि मी? मी ती जागा मागितली होती. चिखलातल्या त्या दोन ठशांवरून माझी नजर हटेना.

संध्याकाळी चुलीपाशी मी तिच्यावर चिडलेच. माझं तसंच आहे, भीती वाटली की मी चिडते. "गावाला सांगायला काय झालं होतं? लोक तुला हसतात. मीसुद्धा..." पुढचं मी गिळलं.

"काय सांगू, ताई? भित्री तर हायेच की मी." ती भाकरी थापत राहिली.

"मग शालूला का नाही ठेवलं मागं? ती खमकी आहे."

"तिचं लेकरू अजून अंगावर पितं."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लई वाटती. म्हणून तर मागं ऱ्हाते. मी पुढं असते आन् मागून ते आलं असतं, तर मी पळाले असते, ताई. लेकरं टाकून. मला माझा भरवसा न्हाई. मागं असलं की पळायला वाटच ऱ्हात न्हाई. पुढं लेकरं, मागं ते." मग भाकरी उलटून म्हणाली, "देवाला म्हणलं, मी काही धीराची न्हाई. मला अशा जागी उभी कर, की पळता येऊ नये."

तिचे कपडे जालन्याला न्यायला आणलेली माझी रिकामी पिशवी खुंटीला लटकत होती. ती मी घडी करून करंज्यांच्या डब्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरं पुन्हा ओळीत उभी राहिली. मागचं टोक मला दे, हे शब्द माझ्या जिभेवर होते. आदल्या दिवशी किती सहज मागितलं होतं मी. आता त्या जागेचा अर्थ कळला होता आणि जीभ उचलत नव्हती. ती शेवटची जागा मागायची माझी लायकी नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि ते कळणं बिबट्याच्या भीतीपेक्षा वाईट होतं.

दारात थांबून मार्था हळूच म्हणाली, "ताई, आज तुम्ही प्रार्थना करा. तुम्हाला चांगली येती."

मी डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या..." एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं कुठं गेलं कोण जाणे. स्तुती आठवेना, उपकार आठवेनात. बाहेर ऊस उभा होता. शेवटी जे आलं ते एवढंच. "प्रभू, मला भीती वाटतेय. जवळ राहा."

"आमेन," मार्था म्हणाली आणि दोरी मनगटाला गुंडाळली.

मी साक्षीच्या मागं, माझ्या कालच्याच जागी दोरी धरली. शालूनं ताटावर पळी मारली आणि आम्ही निघालो. उसापाशी आलो तशी साक्षीनं मान वळवून वर बघितलं.

"बाई, आज दोरी लई हलून राह्यली."

"हलू दे," मार्था मागून म्हणाली. "तू सोडू नको."