सलीमची रेघ

काळ्या शाईची नवी बाटली उघडली, की त्या कापरासारख्या वासाबरोबर मंगळवार पेठेतली ती दुपार आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. राक्षस आणि जादूच्या नगऱ्या काढणारे आमचे लाडके चित्रकार बापू, मी चित्रं काढायचो त्या मासिकाच्या कचेरीत येणार होते. त्यांच्या सन्मानासाठी मी आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या सलीमनं एकेक चित्र केलं होतं. मी टाक सोडून महिनाभर कुंचल्यावर हात बसवला होता, कुंचल्याचे केससुद्धा बापूंसारखे कातरले होते. सलीमनं आपला टाकच ठेवला. बापूंकडून त्यानं घेतलं ते एवढंच, की चांदण्याची जागा कोरी सोडायची.

बापूंनी माझं चित्र पाहिलं. "हे तर माझंच हाय की," म्हणाले आणि बाजूला ठेवलं. माझी छाती फुगली. मग त्यांनी सलीमचं उचललं, चष्मा पुसला, चित्र खिडकीपाशी नेलं.

"ही रेघ कशी काढलीस रं?"

मला त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. हातातला चहा कडू लागला.

आजही लोक माझी चित्रं 'अगदी बापूंसारखी' म्हणतात. मी मान डोलावतो. दार लावून गिरवतो मात्र सलीमची रेघ. ती अजून जमत नाही, आणि त्याला विचारायला जीभ रेटत नाही.