थंड पाण्याची लाइन

आई गेल्याचं अपर्णाला कळलं ते मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला, आखातातल्या अल क्वोजच्या ऑफिसात. मिरजेहून दादाचा, म्हणजे सूर्यकांतचा, फोन आला तेव्हा तिच्या टेबलावर एकवीस ड्रॉइंग्जचा गठ्ठा पडलेला होता. दादा एवढंच म्हणाला, "अपू, आई गेली गं. चहा पिता पिता गेली." अपर्णानं "बरं" म्हटलं. मग ती पुन्हा एकदा "बरं" म्हणाली.

सतरा वर्षं ती त्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होती. इमारतींची ड्रॉइंग्ज यायची, त्यांना नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, नोंद करायची आणि पुढं पाठवायची, हे तिचं काम. हातातलं काम अर्धवट टाकून उठायची सवय तिला नव्हती. त्या दिवशीही तिनं एकवीसच्या एकवीस ड्रॉइंग्जवर शिक्के मारले, मेल पाठवला, आणि मगच साहेबांना सांगून घरी निघाली.

जाता येणार नव्हतं. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता. तातडीचा कागद करून घेता आला असता, पण त्याला दोन दिवस तरी लागणार होते. टॅक्सीत बसल्यावर तिनं दादाला तसं सांगितलं.

दादा म्हणाला, "दोन दिवस ठेवायचं म्हटलं तर मिशन हॉस्पिटलमध्ये सोय होईल. आईला तिथं सगळे ओळखतात. तू म्हणशील तसं करू."

आईनं त्याच दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. मेलेल्या माणसाला नातेवाइकांसाठी ताटकळत ठेवलेलं तिला अजिबात खपत नसे. अपर्णाला ते आठवलं, पण ते आठवून ती बोलली असंही नाही. शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडले.

"थांबू नका, दादा. आजच करा."

"बघ हं."

"करा."

नवरा संजय रुवैसच्या साइटवर होता, तीन तासांच्या अंतरावर. तो लगेच निघतो म्हणाला. "घाई करू नकोस, काम संपवून ये," असं तिनंच त्याला बजावलं. मुलगी अस्मी शाळेत होती, तिचा सहामाहीचा गणिताचा पेपर चालू होता. तिला संध्याकाळी सांगू, असं अपर्णानं ठरवलं. अल बर्शाच्या फ्लॅटचं दार उघडून ती आत आली, पर्स खुंटीला अडकवली आणि सकाळची भांडी घासून टाकली.

आईला मिरजेत चारला उचलायचं ठरलं होतं, म्हणजे इथले अडीच. सव्वादोनला प्रमिलावहिनीनं व्हिडिओ कॉल लावला. अपर्णानं जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवला आणि समोर खुर्ची ओढून बसली. पडद्यावर मिरजेचं अंगण होतं. आई आडवी होती, नाकात कापूस, अंगावर नवं पांढरं लुगडं. चेहरा ओळखीचा होता आणि नव्हताही. वहिनीचा हात हलला की आई हलल्यासारखी वाटे. एकेक जण येऊन तोंडात तुळशीपत्र ठेवत होता, पाणी घालत होता.

"अपूच्या नावचं पाणी कोण घालतंय?" कुणीतरी विचारलं.

"मी घालते," दादाची मुलगी ईशानी म्हणाली, आणि फोनकडं बघून पळी दाखवली. "आत्या, हे तुझं."

अपर्णानं मान हलवली. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटत होतं. काही होत नव्हतं. एसीच्या आवाजाकडंच तिचं लक्ष जात होतं. तो आज वेगळा येत होता, कुणीतरी दात आवळून श्वास सोडावा तसा.

मग पॅसेजमध्ये धाडकन काहीतरी पडलं.

ती वळली. बाथरूमच्या बाहेरच्या छतातली जिप्समची झाकणी खाली येऊन तिचे दोन तुकडे झाले होते, आणि वरच्या काळोख्या चौकोनातून पाण्याची धार सरळ समोरच्या भिंतीवर आदळत होती. काळपट, लोखंडाच्या वासाचं पाणी. पाच मिनिटांत ते हॉलमधल्या गालिच्याला लागलं असतं.

त्याच वेळी फोनमधून दादाचा आवाज आला, "चला, उचला आता."

पुढं कितीतरी दिवस अपर्णा या एका क्षणाकडं परत परत वळून बघायची. तिनं विचार केला नव्हता. हे महत्त्वाचं की ते, असं काही तोलून पाहिलं नव्हतं. पाय उठले आणि पॅसेजकडं गेले, एवढंच. जाता जाता किचनमधला इंटरकॉम उचलून तिनं खाली नातूरला, म्हणजे वॉचमनला, सांगितलं, "छत से पानी आ रहा है, जल्दी किसी को भेजो." तो म्हणाला मेंटेनन्सवाला गनी शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे, दहा मिनिटांत येईल. तिनं बाहेरचं दार उघडून ठेवलं, बाल्कनीतली शिडी आणली, बादली लावली, दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला आणि वर चढली.

त्या इमारतीत गच्चीवरच्या मोठ्या यंत्रांत पाणी गार करून पाइपांनी घराघराच्या छतात फिरवतात. त्याच पाण्यावर घरातली हवा गार होते. अशा लाइन्सची शेकडो ड्रॉइंग्ज अपर्णाच्या हाताखालून गेली होती. कागदावर त्या बारीक निळ्या रेघा असत. प्रत्यक्षात तिनं एकही पाहिली नव्हती. टोरांटोची तिची नणंद दर हिवाळ्यात सांगायची, आमच्याकडं पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात, तुमचं बरं आहे. इथं बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं आणि अपर्णाच्या डोक्यावर बर्फाचं पाणी फुटलं होतं.

छतातल्या एसीच्या यंत्राला जोडणारी एक वेटोळ्याची नळी उभी चिरली होती. शेजारी लाल दांड्याचा व्हॉल्व्ह होता. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, पण तो इतक्या वर्षांत कुणी फिरवलाच नसावा. जागचा हलला नाही. मग तिनं टॉवेल नळीभोवती गुंडाळला आणि चिरेवर दोन्ही तळवे घट्ट आवळले. धार मोडली. पाणी आता तिच्या हातांवरून कोपरांत, काखेत, पोटावरून साडीत, आणि साडीतून बादलीत पडू लागलं. बरंचसं बादलीतच पडत होतं. ऑफिसातून आल्यावर तिनं मुद्दाम साडी नेसली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हॉलमधून आवाज येत होते. रामनाम, चपलांची खरखर, कुणाचा तरी हुंदका. फोनचा पडदा तिच्याकडं पाठ करून उभा होता.

"अपर्णा, दिसतंय ना गं?" वहिनीनं विचारलं.

"दिसतंय," अपर्णा शिडीवरून मोठ्यानं म्हणाली.

आधी बोटं दुखली. मग दुखणं मनगटापर्यंत चढलं आणि थांबलं. नंतर हात आपले आहेत की नाहीत हे कळेना. फक्त ते तिथं आहेत हे दिसत होतं. रामनाम लांब गेलं. गाडीचं दार लागलं. वहिनीनं "घाटावर पोचल्यावर लावते पुन्हा" म्हटलं आणि फोन गप्प झाला. अपर्णा तशीच उभी राहिली. बादली भरली, वाहू लागली. उतरून ती रिकामी करायची तर हात सोडावे लागले असते.

दहा मिनिटांची पंचवीस झाली. मग उघड्या दारातून गनी आत आला. मुलतानचा, पन्नाशीचा, कमरेला हत्यारांची पिशवी. त्यानं वर एकदा बघितलं, तो बाहेर पळाला आणि लिफ्टशेजारच्या शाफ्टचं कुलूप काढून मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला. छतातलं फुरफुरणं हळूहळू थांबलं.

"खलास, मॅडम. पानी बंद. छोड दीजिए."

"हां," अपर्णा म्हणाली. हात सुटले नाहीत.

"मॅडम?"

"छूट नहीं रहा."

गनी शिडीच्या दुसऱ्या बाजूनं वर चढला. तिची बोटं पांढरी पडली होती, टॉवेलात रुतल्यासारखी. त्यानं आधी "माफ करना" म्हटलं आणि एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून. मग तिला खाली उतरवून खुर्चीवर बसवलं. "गरम पानी मत डालना. नल का सादा पानी. आहिस्ता."

ती वॉशबेसिनपाशी गेली. सप्टेंबरात इथल्या नळाला गरमच पाणी येतं. हातांवर पाणी पडताना दिसत होतं, लागत नव्हतं. ती परत आली तेव्हा फोन पुन्हा वाजत होता. तिला बोटानं पडदा सरकवता येईना, म्हणून तिनं गनीला खूण केली. त्यानं तो सरकवला, आणि त्याला चिता दिसली.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "कौन, मॅडम?"

"मेरी माँ."

"आज?"

"अभी."

त्यानं पुटपुटत दुवा म्हटली आणि फोन बाटलीला टेकवून दिला. मग पोछा आणला आणि पॅसेज पुसायला लागला. ते त्याचं काम नव्हतं. अपर्णा बघत राहिली. ज्वाळा छोट्या दिसत होत्या, तळहाताएवढ्या. नेटवर्क गेलं की ज्वाळा थांबायच्या आणि परत सुरू व्हायच्या.

सगळं आवरल्यावर गनीनं संकोचानं फॉर्म पुढं केला. "साइन चाहिए था. बाद में भी चलेगा."

"द्या," ती मराठीतच म्हणाली. फॉर्म म्हटल्यावर हात आपोआप पुढं झाला. पेन बोटांत नीट बसत नव्हतं. फ्लॅट नंबर, तारीख. बिघाड केव्हा झाला, या रकान्यात तिनं वाकडंतिकडं लिहिलं, नऊ चाळीस.

गनीनं वाचलं. "मॅडम, कॉल तो ढाई बजे का है."

तिनं कागदाकडं बराच वेळ बघितलं. मग नऊ चाळीसवर रेघ मारली, वर अडीच लिहिलं, आणि खोडलेल्या जागी ऑफिसात करतात तशी छोटी सही केली.

गनी गेल्यावर मिरजेहून काकूचा फोन आला. काकू ऐंशीची, तिला व्हिडिओ वगैरे जमत नसे. "तीन दिवसांचं सुतक आहे तुला, देवाला शिवू नकोस. अंघोळ केलीस का?"

अपर्णानं अंगाला चिकटलेल्या साडीकडं बघितलं. केसांतून अजून काळपट थेंब गळत होते.

"झाली, काकू."

"डोक्यावरून ना?"

"डोक्यावरून."

अस्मी साडेतीनला आली. दारातच तिनं दप्तर खाली सोडलं. "ममा, व्हॉट हॅपन्ड टू द सीलिंग?"

"पाइप फुटला." आणि त्याच सुरात पुढं, "आजी गेली."

"व्हेन?"

"सकाळी."

"अँड यू डिडन्ट कॉल मी?"

"तुझा पेपर होता."

अस्मी रडायला लागली. अपर्णानं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. हातांना मुलीच्या शर्टाचं कापड जाणवत नव्हतं. सात वाजता संजय आला. दोघींकडं आणि छताकडं बघून त्यानं खिचडी टाकली.

बोटांत रात्रीपर्यंत जीव आला. उजव्या अंगठ्याचं टोक मात्र महिनाभर बधिर राहिलं.

पासपोर्ट नवव्या दिवशी आला. बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी अपर्णा मिरजेत पोचली. दादानं तिला कवेत घेतलं, तो रडला. शेजारणी येऊन रडल्या. ती पानं पुसत राहिली, वाट्या मोजत राहिली. तेराव्याला पाहुणे जेवून गेले, तेव्हा मागच्या ओट्यावर ती आणि प्रमिलावहिनी पातेली घासायला बसल्या.

"वहिनी, मला काहीच दिसलं नाही त्या दिवशी," अपर्णा म्हणाली. "आईला उचललं तेव्हा मी तिथं नव्हते. दिसतंय म्हणाले ते खोटं होतं."

वहिनीनं राखेचा हात थांबवला. "ठाऊक आहे मला. खुर्ची रिकामी दिसत होती की. पाण्याचा आवाज येत होता नुसता. तुझा दादा म्हणाला, बाथरूमात नळ सोडून रडत असेल, कुणी हाक मारू नका. म्हणून मी एकदाच विचारलं."

"सगळ्यांना तसंच वाटलं?"

"सगळ्यांना. घाटावर सुद्धा तेच बोलत होते. पोरीनं नळ सोडला आणि रडली म्हणून."

पाइप फुटला होता हे सांगायला अपर्णानं तोंड उघडलं. ओट्यावर दादा हातपाय धुवायला येत होता. या तेरा दिवसांत तो खंगला होता. तिनं पातेलं उपडं घातलं आणि त्याला जागा करून द्यायला जरा बाजूला सरकली.